केदारकांठ्यावर कबनूरची खूण

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसतोय. रागावू नका. माझं कामच तसं आहे. कोल्हापूरजवळच्या एका दूध संघाच्या लॅबमध्ये मी सतरा वर्षं काढलीत. समोरचा माणूस गळ्याची शपथ घेऊन सांगतो, साहेब, म्हशीनं दिलं तसं आणलंय... आणि लॅक्टोमीटर सांगतो की वाटेत विहीर लागली होती. मी लॅक्टोमीटरचं ऐकतो. त्यामुळे भूत, अंगात येणं, स्वप्नात येऊन बोलणारे आजोबा, यातलं काही मी आजवर मानलं नाही. आजही नव्याण्णव टक्के मानत नाही. उरलेला एक टक्का खाली लिहितोय, आणि तो लिहायला मला नऊ वर्षं लागली.

माझा मित्र मिलिंद, कबनूरचा. कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं गाव. गावात आपण शिरायच्या आधी यंत्रमागांचा खडखडाट आपल्या कानात शिरतो. आमची ओळख कोल्हापुरात कॉलेजला, एनसीसीत झाली. त्याच्या घरात शिरलं की समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या मावशींचा आधी जय भीम आणि मग बशीभरून चहा. त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव-देवरुषी सगळे पोचवून आला होता. म्हणजे भूतबित त्यांच्याकडं माझ्याही आधी हद्दपार झालेलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट कुणा भोळ्या माणसाची नाही.

सेकंड इयरला असताना मिलिंदचे वडील गेले आणि कॉलेज सोडून तो त्यांच्या जागी यंत्रमागावर उभा राहिला. चोवीस मागांची शेड. आत एवढा आवाज की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी फक्त थुंकी पोचते. म्हणून मागवाल्यांची एक हातांची भाषा असते. ती कुठल्या पुस्तकात नाही, आणि एका शेडची दुसऱ्या शेडला पूर्ण कळेलच असंही नाही. मिलिंदच्या शेडमध्ये चिमूट धरून झटकन सोडली की धागा तुटला. पंजा पालथा करून दोनदा खाली दाबला की माग बंद कर. आणि प्रत्येक माणसाला नावाऐवजी एक खूण. मिलिंदची खूण म्हणजे डाव्या भुवईवरून बोट फिरवणं. कारण पहिल्याच वर्षी धोटा उडून तिथं लागला होता आणि तीन टाके पडले होते. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारा तो टोकदार लाकडी तुकडा, उडाला की गोफणीतल्या दगडासारखा येतो.

ही खूण त्याला दिली लिंगाप्पा मामानं. शेजारच्या मागावरचा माणूस, मूळचा चिकोडीकडचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी. वयानं बाप शोभेल, पण मिलिंदला 'तम्मा' म्हणायचा. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तीस वर्षं मागावर उभा राहून मामाचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते, त्याचं त्याला काही वाटायचं नाही. शेडमध्ये सगळेच तसे.

मिलिंदला मात्र वाटायचं. सत्त्याण्णव साली पन्हाळ्याच्या चढावर मी त्याला मागून तीन हाका मारल्या. वळला नाही. चौथ्यांदा एक खास कोल्हापुरी शिवी हासडली, तीही फुकट गेली. वर बुरुजावर बसल्यावर त्यानं सांगितलं, उजवा कान पार गेलाय, डावा अर्धा राहिलाय. घरात सांगू नको म्हणाला. त्याआधी त्यानं उत्तरकाशीकडं जाऊन डोंगर चढायचा बेसिक कोर्स केला होता, पहिल्या श्रेणीत. पुढच्या कोर्सला अर्ज केला तर मेडिकलमध्ये कानांनी घात केला. त्या दिवसापासून हा हसरा, बडबड्या गडी मिटून गेला. चौकात यायचा बंद झाला. चार माणसं बोलायला लागली की उठून जायचा, कारण मधलं काही कळत नसे आणि परत विचारायची लाज वाटे. एक मुलगी बघितली होती, सुजाता नावाची, दोन्हीकडं पसंती होती. त्यानं निरोपच पाठवला नाही.

मग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत एकदा म्हणाला, "अजून एकडाव बर्फाचा डोंगर चढून येतो. मग गप मागावर हुबा ऱ्हातो, मरूस्तवर."

हे त्यानं इतक्या शांतपणे म्हटलं की मला भीती वाटली. मी म्हटलं, चल, मी पण येतो. बर्फ मी तोवर फक्त बीएमसीवर... म्हणजे आमच्या दूध थंड करायच्या टाकीवर बघितलं होतं.

निघायच्या दिवशी मावशींनी मला मागच्या दारी बोलवून घेतलं. म्हणाल्या, "त्याला ऐकू येत न्हाय, मला ठावं हाय. तो सांगत न्हाय, म्हणून मीबी इचारत न्हाय. तू त्याच्यासंगं ऱ्हा. आन् न्हेतोयस तसाच परत आणू नको. जरा माणसात आण त्याला." मी छाती पुढं काढून म्हटलं, मावशी, मी त्याचे कान. हे वाक्य आठवलं की आजही मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

मिरजेहून रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं डेहराडून, पुढं पुरोल्यापर्यंत बस आणि जीपनं सांकरी. केदारकांठा हा तिथला डोंगर. साडेबारा हजार फूट. हिमालयवाले त्याला टेकडीत काढतात. पण पन्हाळ्याच्या जवळजवळ चौपट आहे आणि डिसेंबरात गुडघाभर बर्फात असतो, त्यामुळे आम्हाला तो पुरेसा होता. तेव्हा तिथं हल्लीसारखी गर्दी नव्हती. गावातला प्रेमसिंग नावाचा वाटाड्या घेतला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, चालताना श्वाससुद्धा न वाजणारा माणूस. पहिल्या रात्री आमची कांदा-लसूण चटणी त्यानं हौसेनं चमचाभर तोंडात टाकली आणि नंतर बराच वेळ तंबूबाहेर बर्फ खात बसला. मिलिंद त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हसला. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात झाली.

मंगळवारी, डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला, आम्ही उजाडायच्या आत वरच्या मुक्कामावरून निघालो. दहाच्या सुमाराला माथ्यावर होतो. ऊन होतं, चारी बाजूंना बर्फाची शिखरं आणि मिलिंद मधोमध उभा. त्यानं खाली वाकून मूठभर बर्फ उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "बास. झालं माझं." मला हे 'झालं माझं' अजिबात आवडलं नाही. चिडून मी त्याला म्हटलं, काय झालं, अजून अख्खा उतार हाय. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही.

उतरायला लागलो आणि अर्ध्या तासात सगळं पांढरं झालं. ढग खालून वर आला, वारा सुटला, बारीक बर्फ भिरभिरायला लागलं. आमच्या चढताना उमटलेल्या खुणा पुसल्या गेल्या. माझा चष्मा मायनस सहाचा. त्याच्यावर बर्फ साचून घट्ट बसलं आणि हातमोज्यानं पुसायला गेलो तर आणखीच पसरलं. चष्मा काढला तरी पुढं दूध आणि घातला तरी दूध. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला प्रेमसिंगनं आम्हाला बसवलं. मी खाली जाऊन वाट बघून येतो म्हणाला, आणि गळ्यातली शिट्टी दाखवून काहीतरी बोलला. वाऱ्यात मला 'सीटी बजाऊंगा' एवढंच कळलं. मी मान डोलावली.

आता चूक कुणाची ते सांगतो. माझी. आमचा कोल्हापूरचा ग्रुप पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडं चालत जातो, तेव्हा धुक्यात पुढचा माणूस शिट्टी मारतो आणि मागच्यांनी आवाजाच्या रोखानं यायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत. शिट्टी म्हणजे 'या'. प्रेमसिंगच्या गावात शिट्टी म्हणजे 'मी इथं आहे, तुम्ही हलू नका'. हे मला नंतर कळलं. विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण शिट्टीचा अर्थ काय म्हणून कुणी विचारतं का?

दहा-पंधरा मिनिटांनी शिट्टी आली. लांबून, पण स्वच्छ. मी मिलिंदचा दंड हलवला आणि हातानं सांगितलं, बोलवतोय, चल. त्याला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उठला. माझ्या कानांवर त्यानं विश्वास टाकला... एवढं सरळ होतं ते.

मला दिसत नव्हतं, त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणून तो पुढं आणि मी मागं. त्याच्या उजव्या हातात काठी, तिनं तो पुढचं बर्फ टोचून बघायचा. डावा हात मागं करून त्यानं माझं मनगट धरलं होतं. शिट्टी उजवीकडून आली की मी त्याला उजवीकडं ढकलायचो, डावीकडून आली की डावीकडं. दोन-तीनदा शिट्टी अगदी समोरून आली. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या पाठीत गुद्दाच घातला. सरळ, सरळ.

आणि मिलिंद थांबला.

एकदम थांबला. मी त्याच्या पाठीवर आदळलो. मी ढकललं तरी तो हलेना. शिट्टी समोरच वाजत होती, पन्नास पावलांवर असेल असं वाटत होतं. मी ओरडायला लागलो, चल की, समोरच हाय! तो वळला, माझ्या छातीवर पंजा ठेवून मला मागं रेटलं, चार-पाच पावलं तिरकं डावीकडं ओढत नेलं आणि खांदा दाबून खाली बसवलं. मग स्वतः पालथा पडला आणि रांगत जाऊन जिथं थांबला होता तिथून काठी पुढं खुपसली, अंगाचा सगळा जोर लावून.

आमच्या समोरचं बर्फ गेलं. म्हणजे, होतं आणि मग नव्हतं. बैलगाडीएवढा तुकडा असेल. त्याचा आवाज मी ऐकायचा प्रयत्न केला, आला नाही. नंतर प्रेमसिंगनं सांगितलं की वाऱ्यानं कड्याच्या पुढं बर्फाची पडवी तयार होते. वरून घट्ट लागते, काठी टोचली तरी कळत नाही, आणि खाली काही नसतं. मिलिंदचा पुढचा पाय त्या पडवीवर पडायचा होता. त्याच्यामागून माझा. शिट्टी समोरच्या डोंगरावर आदळून परत येत होती, प्रेमसिंग खरा आमच्या पाठीमागं डावीकडं होता. ही झाली आवाजाची गोष्ट. तिचं स्पष्टीकरण आहे.

आम्ही तिथंच बसून राहिलो. मिलिंदनं घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. अर्ध्या तासानं प्रेमसिंग आमच्या पावलांचा माग काढत आला. त्यानं ती पावलं बघितली, पुढची तुटलेली कड बघितली आणि मटकन खाली बसला. मग त्यानं एकच विचारलं.

"आपको रोका किसने?"

संध्याकाळी तंबूत स्टोव्हपाशी मी मिलिंदला तेच विचारलं, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन. तो चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसला. मग म्हणाला, धुकं एका जागी फाटलं आणि पलीकडं माणूस उभा होता. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असतं तेवढ्या अंतरावर. बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी. डोक्यावर, खांद्यावर पांढरं... आधी बर्फ वाटलं, मग कळलं की मागावर उभं राहिलं की अंगावर जी कापसाची पिंज बसते ती होती. त्या माणसानं डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. मग पंजा पालथा करून दोनदा खाली दाबला. मग अंगठ्यानं दाखवलं, तिकडं हो.

मी विचारलं, वडील?

"बाप न्हवं," तो म्हणाला. "लिंगाप्पा मामा. त्यो तर जित्ता हाय."

मी त्याला समजावलं. उंचीवर हवा विरळ, मेंदूला प्राणवायू कमी, त्यात थंडी, त्यात भीती. डोळ्याला काठावर काहीतरी खटकलं असेल आणि मेंदूनं ओळखीच्या माणसाच्या हातून 'थांब' म्हणवलं. आठ वर्षं रोज ज्याच्या हातांकडं बघून काम केलं तोच आठवणार ना? मला माझीच थिअरी फार पटली. मिलिंद म्हणाला, आसंल की. आणि झोपला. त्या रात्री तो गाढ झोपला, मी जागा.

परतीच्या वाटेवर आम्ही यावर बोललो नाही. फोनही केला नाही, शेडमध्ये फोन उचलून ऐकू कुणाला येणार! शिवाय शेडमध्ये त्यानं डोंगराचं सांगितलंच नव्हतं. लोक हसतील म्हणून मुंबईला पाहुण्यांकडं जातोय असं सांगून निघाला होता.

जानेवारीच्या पाच तारखेला आम्ही कबनूरला पोचलो. मी त्यांच्याकडंच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद कामावर हजर झाल्याचं सांगायला शेडवर गेला, मी बरोबर होतो. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि तिसऱ्या रांगेतून लिंगाप्पा मामानं त्याला बघितलं. मामानं माग बंद केला. आला, मिलिंदच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला ओढत बाहेर अंगणात नेलं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"मागल्या मंगळवारी पट्ट्याकडं का चाललतास रं तम्मा? जाळी काढल्याली दिसत न्हवती? डोळंबी गेलं का आता? हात करून करून माझा खांदा गेला! आन् थांबलास ते थांबलास, मग न बोलता गेलास कुठं?"

माझ्या पाठीतून थंडी गेली, केदारकांठ्यावर गेली नव्हती तशी.

शेडच्या एका टोकाला जुन्या मशीनचा मोठा पट्टा आहे, तो फिरत असताना माणूस जवळ गेला तर ओढला जातो. म्हणून त्याला जाळी असते. त्या दिवशी जाळी दुरुस्तीला काढली होती. मामाला दिसलं की मिलिंद मागांच्या मधल्या वाटेनं सरळ त्या पट्ट्याकडं चाललाय. मामानं त्याला खुणा केल्या. भुवई, पंजा, अंगठा. शेवटी पळत जाऊन त्यानं मेन स्विच ओढला आणि चोवीसच्या चोवीस माग बंद पडले.

शेडचे हिशोब बघणारे दिवाणजी आतून हसत आले. म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागलाय, पोरगं मुंबईत आणि हा हवेत हातवारे करतोय. मग मी माझ्या सवयीप्रमाणं नमुने गोळा केले. सहा माणसांना वेगवेगळं गाठून विचारलं, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. मिलिंदला कुणीच बघितलं नव्हतं, मामा सोडून. पण मामानं शेड बंद पाडली हे सहाही जणांनी सांगितलं. वार मागच्या आठवड्यातला मंगळवार, कारण मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून त्या दिवशी पेढे वाटले होते. वेळ? चहाची किटली नुकतीच फिरून गेली होती. चहा रोज साडेअकराला येतो.

मी मिलिंदला माझी विरळ हवेची थिअरी पुन्हा एकदा सांगून बघितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "मग मामाला कबनुरात कुठली थंडी वाजली?"

योगायोग म्हणून बघितलं, ते माझं मलाच पाणी घातलेलं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढची आहे आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. त्या दिवशी मिलिंदनं तिथंच अंगणात, आठ-दहा कामगारांसमोर, सगळं सांगितलं. डोंगर, कडा, खुणा आणि स्वतःचे कानही. उजवा गेलाय, डावा जाईल. चारचौघांत हे पहिल्यांदाच बोलला. कुणी हसलं नाही. मामाला अर्धं ऐकू आलं नाही म्हणून मिलिंदनं त्याला ते हातांनी परत सांगितलं, आणि गोष्ट कड्याशी आल्यावर मामानं डोळे पुसले. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं. मावशी म्हणाल्या, ठावं हाय, जेव आता. त्याच महिन्यात तो एकटा सुजाताच्या घरी गेला आणि तिलाही सांगितलं. ती म्हणाली, मग समोर बसून बोलत जाऊ. आज त्यांना दोन मुलं आहेत.

डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानं माग सोडला. दोन वर्षं खटपट करून मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत विणकाम शिकवायला लागला. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन पन्हाळा चढतो. एकदा मीही गेलो होतो. एवढी चाळीस मुलं डोंगरावर आणि आवाज नाही, फक्त हात चाललेले, आणि सगळ्यांत जास्त हात मिलिंदचे. हाच माणूस चौकातून उठून जायचा हे कुणाला खरं वाटणार नाही. मावशी मला बघितलं की म्हणतात, आणलास बाबा माणसात. मी मान खाली घालतो. मी कुठं आणला? मी तर त्याला कड्यावर नेत होतो.

हा सल मला बरीच वर्षं होता. आणि त्याला चिकटून एक प्रश्न, जो मी कधी विचारला नाही. मामाला मिलिंद दिसला. मी दिसलो का? नसेन तर बरोबरच आहे, असं मी स्वतःला सांगायचो. खुणा करणारा त्याला वाचवायला आला होता, मला कशाला वाचवेल? मायनस सहाच्या आंधळ्यानं एका चांगल्या माणसाला कड्यापर्यंत ढकलत नेलं, तो त्याच्या नशिबानं थांबला आणि मी फुकटात वाचलो. लॅक्टोमीटरवाल्या माणसाला असले विचार शोभत नाहीत, पण येत होते.

गेल्या वर्षी, २००७ च्या संक्रांतीला, तिळगूळ द्यायला आम्ही दोघं मामाकडं गेलो. मामा आता मागावर जात नाही, दारात बाजेवर बसून असतो. कान पूर्ण गेलेत. जे विचारायचं ते हातांनी, म्हणजे मिलिंदमार्फत. मी मिलिंदला म्हटलं, विचार त्याला, त्या दिवशी तू एकटाच होतास का.

मिलिंदनं हातांनी विचारलं.

मामानं एक बोट वर केलं. एकटा. मी म्हटलं, ठीक आहे. खरंच ठीक वाटलं, थोडं दुखलं एवढंच. पण मामाचं सांगून झालं नव्हतं. बाजेचा आधार घेऊन तो उठला, अंगणात उभा राहिला आणि मिलिंद त्या दिवशी शेडमध्ये कसा चालत होता ते करून दाखवायला लागला. उजवा हात पुढं, काहीतरी टोचत. डावा हात मागं, पाठीशी लांब ताणलेला, आणि त्याची मूठ घट्ट आवळलेली. तसाच तो दोन पावलं चालला, मागच्या हातानं काहीतरी जड ओढत असल्यासारखा. मग थांबला आणि त्या मुठीकडं बोट करून मिलिंदला हातांनीच काहीतरी विचारलं.

मिलिंदचे डोळे भरले होते. मी म्हटलं, काय विचारतोय?

"इचारतोय," तो म्हणाला, "की मूठ का सोडली न्हाईस? एकटा आसतास तर माझ्या पयल्याच खुणंला झटकन मागं फिरला आसतास. ही मूठ कशाला धरली हुतीस?"

आम्ही मनगट धरल्याचं मामाला कधी सांगितलं होतं का, हे मी मिलिंदला नंतर तीन वेळा विचारलं. नाही म्हणतो. विसरला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून बघितलं. त्या अंगणात मात्र मिलिंदनं मामाला उत्तर दिलं, खुणांनी नाही. त्यानं माझं मनगट धरून माझा हात वर केला आणि मामाला दाखवला. मामानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली, जणू आज त्याला हिशोब लागला, आणि परत बाजेवर बसून तिळगूळ खायला लागला.

हे का झालं, कसं झालं, मला माहीत नाही. विचार करणंही आता मी सोडून दिलंय. मिलिंदनं मला सोडलं नव्हतं, हे मला आठ वर्षं माहीत होतं. पण ते आणखी कुणीतरी बघितलंय, एवढं मात्र मला त्या दिवसापासून पुरतं.